अंकीच्या बोटीचा पाण्याचा पंखा

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

ही डायरी अंकीनं दिली. डेरीकडनं आलेली, वर म्हशीचं चित्तर. म्हणाली, "आज्जी, तू दिवसभर बोलतीस, त्यातलं निम्मं हितं लिहीत जा." माझी शाळा दुसरीपातूर. पण अक्षर गोल हाय असं मास्तर म्हणायचे. ते मास्तर आता न्हायत, शाळा बी न्हाय, धरणाच्या पाण्याखाली गेली. ते असू दे.

आज घरातली सगळी हत्यारं पुजली. इळा, खुरपं, कुऱ्हाड, रामहरीची मोटारसायकल, सुनेची शिलाई मशीन. आणि यंदा मानाच्या जागी अंकीचं बोटीचं इंजिन. रामहरी माझा पोरगा, अंकिता त्याची थोरली. कोकणात जाऊन बोट चालवायचं शिकून आली, परवाना काढला, आणि आता उजनीच्या पाण्यावर माणसं या काठावरनं त्या काठाला सोडती. थंडीत पुण्या-सोलापूरची लोकं पक्षी बघायला येत्यात, त्यांना बी फिरवती. आख्ख्या घाटावर बोट चालवणारी बाईमाणूस एकच, आणि ती माझी नात. लिहिताना बी हसू येतंय मला.

इंजिन रोज सांजच्याला घरी येतं. घाटावर ठेवलं तर चोर नेत्यात. रामहरी मोटारसायकलीवर बांधून आणतो आणि ओसरीत बाभळीच्या लाकडाची घोडी केलीय, तिला अडकवतो. वर डोकं, खाली पात्यांचं चक्कर, असं उभंच्या उभं. मी हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. अंकी जेऊरला ऑइल आणायला गेलती. मी म्हटलं, पुजा झाली आणि यंतर गप, हे कसं? जातं पुजलं तरी आपण एक मूठ दाणे टाकतोच की. दोरी वढली. विहिरीचा पोहरा वढलेला हात हाय माझा, दोन झटक्यात सुरू! काय आवाज! गल्लीतल्या बाया-पोरं धावत आली. सगळ्यांना गूळखोबरं वाटून हुईपर्यंत चालू ठेवलं. शेजारीण म्हणाली, दगडाबाई, विमान आणलंय का काय! मी म्हटलं, विमान तुझ्या नातवाला, माझ्या नातीला बोट.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मधी दिवाळी झाली, लिहायला वेळ कुटला. करंज्या फुटल्या. तेल वाईट हुतं, दुकानदाराला सोडणार न्हाय.

थंडी पडाय लागली. अंकी अंधारातच घाटावर जाती, बोट पुसती, दव काढती. रामहरी धारा काढून मग इंजिन घेऊन जातो. मधल्या येळात मी एक काम धरलंय. इंजिन गरम करून ठेवते. आमचे हे असताना विहिरीवर ऑइल इंजिन हुतं. थंडीत ते सकाळी आधी गरम करायचे, मगच पट्टा चढवायचे. म्हणायचे, थंड इंजिन आणि उपाशी बैल, दोन्ही आडतंय. तसं मी उदबत्ती लावते, दोरी वढते, चहा हुईपर्यंत चालू ठेवते.

रामहरी गोठ्यातनं वरडला, "आय, बरं केलंस! पोरीला गार इंजिन त्रास देत असंल."

अंकीला सांगितलं न्हाय. निवद दाखवला म्हणून कुणी सांगत फिरतं का?

९ नोव्हेंबर, रविवार

आज माझ्या डोस्क्याचा जाळ झालाय.

भर पाण्यात अंकीचं इंजिन तापलं. शिट्टी मारायला लागलं म्हणं. पोरीनं लगीच बंद केलं आणि वल्ह्यानं बोट काठाला आणली. माणसं चार, सगळी सुखरूप. तर घाटावर आमचे चिरंजीव काय म्हणाले? माणसांच्या देखत म्हणाले, "चालवता येत न्हाय तर कशाला मिरवायचं?"

घरी आल्यावर मी त्याला धरला. "तू पयल्यांदा मोटारसायकल शिकलास तवा कुणाच्या उकिरड्यात गेलतास? सांगू का पोरीला?"

"आय, मोटारसायकल उकिरड्यात जाती. बोट बुडती."

मला आणखी राग आला. मग म्हणाला, माणसं बसलेली असताना पुन्यांदा असं झालं तर बोट-इंजिन कोंडीबाला देऊन टाकतो, आणि अंकीनं अकलूजला आत्याच्या पेंडीच्या दुकानात बसायचं. कोंडीबा म्हंजी घाटावरच्या मोठ्या लाँचीवाला. त्याला ही बोट डोळ्यात खुपतीय पयल्या दिवसापासनं.

अंकीनं भाकरी अर्धीच खाल्ली. पेंडीच्या दुकानात! माझी नात! पोत्यावर बसून माशा मारायला!

११ नोव्हेंबर, मंगळवार

चन्नप्पा मिस्त्री आला. मूळचा अक्कलकोटाकडचा, जेऊरला गॅरेज हाय, मोटारी-पंप-इंजिनं सगळं करतो. मला अव्वा म्हणतो, म्हंजी आई, आणि अंकीला तंगी, म्हंजी धाकटी बहीण. निम्मं कानडी बोलतो, आणि पैसं मागायच्या येळेला चोख मराठी.

त्यानं इंजिनाचा खालचा भाग उघडला आणि आतनं एक रबराचं फूल काढलं. सहा पाकळ्या, त्यातल्या दोन तुटलेल्या. हाच पाण्याचा पंखा म्हणं. धरणाचं पाणी वर वढून इंजिन थंड ठेवतो.

"किती दिवसांनी बदलायचा असतो?" मी इचारलं.

"वर्साला एक, अव्वा."

"श्रावणात तर नवा घातला हुता तू! तुझं वर्स दिवाळीलाच संपतंय व्हय?"

"अव्वा, ही भीमा हाय. गाळ किती, वाळू किती! गाळ रबराला खातोय."

"गाळ खातोय का तू खातोयस?"

अंकी मला आत घेऊन गेली. पण मी काय खोटं बोलले? चहाच्या टपरीवर तो कोंडीबा छाती ठोकून सांगतोय, "माझ्या लाँचीचा पंखा मी पाच वर्सं बदलला न्हाय." एकाचा पाच वर्सं चालतो, आमचा तीन महिने बी न्हाय. चन्नप्पानं हलकं रबर घातलं, दुसरं काय! तोंडावर अव्वा-अव्वा आणि हातात सुरी.

मी मात्र माझ्या बाजूनं कमी पडत न्हाय. थंडी वाढलीय, तर चहा पिऊन हुईपर्यंत चालू ठेवते. पयले नुसता उकळंपातूर ठेवत हुते.

३० नोव्हेंबर, रविवार

पुन्यांदा. पुन्यांदा तेच! नवा पंखा घालून किती दिवस झाले? देवाला डोळं हायत का न्हाय?

नशीब, आज बोटीत माणूस न्हवतं, अंकी पलीकडनं मोकळी येत हुती. म्हणून रामहरीची शपथ अजून लागू झाली न्हाय. पण त्याचं तोंड असं झालंय, कारल्याचा रस पाजल्यावानी. "हे शेवटचं," म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या बापानं तुला किती शेवटचं दिलं ते मोजलं असतं तर तू आज कुटं असतास?" सून मधी पडली, जेवून घ्या म्हणाली. कुणी जेवलं न्हाय. शेंगदाण्याची चटणी तशीच कोरडी पडली, मांजरानं पाडली.

२ डिसेंबर, मंगळवार

चन्नप्पा आला तवा मी पदर खोचूनच बसले हुते. त्यानं पंखा काढला, हातात फिरवला, वास घेतला. मग माझ्याकडं न बघता अंकीला म्हणाला, "हे झिजलेलं न्हाय, तंगी. हे जळालंय. बघ, पाकळ्या कडंनं चिकटल्यात. गाळानं रेघा पडत्यात, असं वितळत न्हाय. इंजिन कोरडं चाललंय."

"कोरडं म्हंजी?" मी म्हटलं.

"पाण्याबाहेर, अव्वा. पाणी नसलं की हे रबर भांड्यावर घासतंय आणि रोज थोडं थोडं जळतंय. मग वर्स काय न् महिना काय." आणि इचारलं, "घरी कोण चालू करतंय का?"

मी हसले. म्हटलं, "अरं शाण्या, दिवसभर हे धरणात उभं असतंय. शेळी तळ्यावरनं आली की तिच्या पोटात पाणी असतंय का न्हाय? मग याच्या पोटात नसंल व्हय?"

चन्नप्पा काय बोलणार तवर अंकी मधीच म्हणाली, "माझ्याच हातनं झालं, काका. उथळात गेले हुते. गाळात रुतून कोरडं चाललं असंल."

मला ह्याचा लई राग आला. खोटं कशाला बोलायचं? माझी नात उथळात जात न्हाय. कुटं खडक, कुटं जुन्या विहिरीचा कठडा, सगळं तिला पाठ हाय. तिथं दार ढकलून रामहरी आला, त्यानं एवढंच ऐकलं. "म्हंजी कबूल हाय!" म्हणाला. "डोळे हायत का भोकं?" पोरगी खाली मान घालून बसली. मी नंतर इचारलं, का गं असं केलंस? तर म्हणती, "जाऊ दे की आज्जी."

चन्नप्पा जाताना सांगून गेला, महिन्याला एकदा उघडून बघत जा, बदलायचा का न्हाय ते पंखाच सांगंल. महिन्याला! धंदा बांधला त्यानं आपला.

तरी त्याच्या समाधानाला आता मी सुरू करायच्या आधी इंजिनाच्या डोक्यावर तांब्याभर पाणी घालते. कुणी कोरडं म्हणायला नको.

४ डिसेंबर, गुरुवार

माझ्याच घरात मी चोर झाले.

इंजिनाला एक लाल दोरी असती, तिच्या टोकाला चिमटी. चिमटी एका बटणाच्या बोंडामागं अडकवायची आणि दोरी बोट चालवणाऱ्यानं मनगटाला बांधायची. चालवणारा पाण्यात पडला तर चिमटी निघती आणि इंजिन आपोआप थांबतं. चांगली युक्ती हाय. पण आजवर ती चिमटी रात्री इंजिनालाच असायची. आता अंकी ती काढती आणि गळ्यात घालून झोपती. सकाळी दोरी वढली, वढली, खांदा निखळायची येळ आली, इंजिन हूं की चूं न्हाय.

"ती लाल चिमटी कुटं असती गं?"

"माझ्याकडं. हरवली तर पंचाइत नको."

"इतके दिवस हरवली न्हाय ती?"

"आज्जी, तू सकाळची झोप काढत जा की. थंडी लई हाय. मी चालवीन गार इंजिन, मला काय त्रास न्हाय."

म्हंजी तिला ठावं हाय मी गरम करते ते! कोण बोललं? आणि ठावं असून चिमटी काढून नेती? म्हातारीचं काम काढून घ्यायचं, म्हंजी म्हातारी कोपऱ्यात. मी लेकीच्या लेकीसारखं... न्हाय, ती लेकाची लेक हाय. रागात लिहायला बी चुकतंय.

७ डिसेंबर, रविवार

जमलं! दगडाबाई म्हणत्यात मला.

ती चिमटी काय करती? बोंड बाहेर वढून धरती. मग बोंडाच्या मागं सुतळी गुंडाळली, शेळीच्या खुंट्याला मारतो तशी गाठ मारली, तांब्याभर पाणी घातलं, दोरी वढली. धडाडलं! रामहरी गोठ्यातनं म्हणाला, "आज झालं का सुरू?" मी म्हटलं, माझ्यापुढं इंजिन काय, इंजिनाचा बाप सुरू हुईल.

थंडी फार म्हणून दोन चहा हुईपातूर ठेवलं. सुतळी काढून ठेवली. पोरीला कशाला कळायला पायजे. तिचा मान तिला, माझं काम मला.

२१ डिसेंबर, रविवार

आज अक्षर गोल येत न्हाय.

दुपारी वारं सुटलं. अंकीच्या बोटीत आठ माणसं हुती, पक्षी बघून परत येणारी. त्यात एक बाई तान्हं घेऊन. मधल्या धारेला इंजिनानं शिट्टी मारली. अंकीनं बंद केलं. वल्ही मारली, पण वारं उलटं, बोट मासेवाल्यांच्या खुंटांकडं सरकाय लागली. खुंट लागला तर बोट फाटती. मी काठावर हुते. शेंगा घेऊन गेलते तिच्यासाठी. सगळं डोळ्यानं बघितलं. नारिंगी जाकिटं दिसत हुती, भोपळ्याच्या फुलांवानी, आणि ती फुलं वाऱ्यावर चालली हुती. मी कोंडीबाच्या नावानं इतकं वरडले की घसा बसला.

कोंडीबा गेला. दोरखंड टाकला, वढून आणलं. उपकार हायत. पण काठाला लागायच्या आधीच चालू झाला, "काय रामहरीशेठ, पोरीला बोट दिली का गळफास?" चाळीस माणसं हसली. एक बी माईचा लाल म्हणाला न्हाय की पोरीनं येळेवर इंजिन बंद केलं, जाकिटं घातलेली हुती, आठच्या आठ माणसं कोरडी आणली.

रामहरीनं न वरडता इंजिन बोटीवरनं सोडवलं. ते जास्त वंगाळ.

२२ डिसेंबर, सोमवार

सौदा झाला. शुक्रवारी कोंडीबा इंजिन बघायला येणार, सुरू करून ऐकणार, घेऊन जाणार. अकलूजला आत्याला फोन बी झाला.

चन्नप्पा येऊन नवा पंखा घालून गेला. चालतं इंजिन इकायचं म्हणून. जुना पंखा बघितला, कोळसा झालता. आज तो मला अव्वा बी म्हणाला न्हाय. चोराला तोंड असतंय का!

अंकी इंजिन पुसत हुती. त्या बोंडाला सुतळीचा एक धागा अडकलेला हुता. माझ्याकडनं राहिला असंल. तिनं तो काढला, बोटावर गुंडाळला, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलंल. तर म्हणाली, "जेवलीस का आज्जी?"

या घरात एक वरडतो आणि एक बोलतच न्हाय. बाप-लेक दोघं मिळून मला येडं करणार.

मग म्हणाली, "बुधवारी तू माझ्या बोटीत बस. एकदा तरी."

मी त्या पाण्यावर पाय ठेवलेला न्हाय. आमचं रान, घर, पिठाची गिरण, सगळं त्यानं गिळलं. चाळीस-पंचेचाळीस वर्सं मी त्याला शिव्या देते. पण शुक्रवारनंतर अंकीची बोट ऱ्हाणार न्हाय. बघू.

२४ डिसेंबर, बुधवार

बसले.

दोघीच हुतो. मला जाकीट घातलं, आरशात बघितलं असतं तर मीच घाबरले असते. अंकीनं इंजिन पाण्यात सोडलं, लाल दोरी मनगटाला बांधली, सुरू केलं. बोट निघाली. पयल्यांदा मी फळी दोन्ही हातानं धरली हुती. मग एक हात सोडला. पाणी एवढं मोठं असतंय व्हय! काठावरनं दिसत न्हाय तेवढं. पोरगी अशी उभी, एक हात इंजिनाच्या दांडीवर, नजर लांब. मी तिला जल्मापासनं बघतीय, पण अशी बघितली न्हवती. माझं सगळं भांडण इसरले मी.

पण ती सारखी मला मागं बघायला सांगत हुती, जशी काय मी बालवाडीतली. "आज्जी, ही धार बघ." इंजिनाच्या मागनं एक बारीक धार पडत हुती, करंगळीएवढी, न थांबता.

"गळतंय का?" मी म्हटलं.

"न्हाय. पंखा खालनं पाणी वढतो, इंजिनाभोवती फिरवतो आणि हितनं टाकतो. सारखं नवं पाणी आत, जुनं बाहेर. आत साठत काय न्हाय, आज्जी. इंजिन वर उचललं की दोन मिनिटात रिकामं."

"रिकामं?"

"पार रिकामं. म्हणून धार बघायची. धार दिसत नसली की लगीच बंद करायचं, न्हायतर पंखा जळतो."

एवढं म्हणून ती पुढं बघाय लागली.

ओसरीत धार पडल्याली मी कधी बघितली न्हाय. दीड-दोन महिने. एकदा बी न्हाय. ओसरी कोरडी असायची. मी घातलेला तांब्या तेवढा वल्ला.

पुढचं लिहीत न्हाय.

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी उठले आणि हातरुणातच बसून ऱ्हायले. रामहरी गोठ्यातनं वरडला, "आय, आज गरम करायचं न्हाय का?"

मी म्हटलं, "गप बस."

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज झालं ते सगळं लिहिते. घसा बसलाय, पण हात चालतोय.

कोंडीबा आला. पायरीवर बसला, चहा घेतला, बशीत वतून फुरक्या मारल्या. मग म्हणाला, "ऐकव की रामहरी इंजिन." रामहरीनं दोरीला हात घातला. अंकी दाराशी उभी हुती, लाल चिमटी तिनं आधीच बापाच्या हातात दिलती.

मी मधी गेले. "हात काढ."

"आय, बाजूला हो. गिऱ्हाईक हाय."

"हितं सुरू करायचं न्हाय. घाटावर ने, पाण्यात सोड, मग ऐकव. कोरडं चालवलं की पंखा जळतो."

कोंडीबा खदाखदा हसला. "काकी, रोज पहाटं आख्खी आळी तुमच्या इंजिनावर उठती. आजच कोरडं झालं व्हय?"

रामहरीचा हात दोरीवरच. माझ्याकडं बघाय लागला, मग घोडीकडं, मग खालच्या कोरड्या फरशीकडं.

"बघतोस काय?" मी म्हटलं. "व्हय, मीच. रोज. आणि तू गोठ्यातनं 'बरं केलंस आय' म्हणत हुतास. तीन पंखे आपण मायलेकरांनी जाळले आणि बोलणी पोरीनं खाल्ली."

"मला काय ठावं हुतं, आय?"

"मला तरी काय ठावं हुतं! पण ठावं नसताना पोरीला भर घाटावर बिनकामाची ठरवलंस, ते कुणाच्या शानपणावर?"

कोंडीबानं बशी ठेवली. "तुमचं घरचं तुमी बघा. आमच्या सौद्याचं काय?"

रामहरी दोरी सोडून उभा ऱ्हायला. मग म्हणाला, "मोडला."

"शबूद दिला हुतास तू."

"पोरीचा दोष हाय म्हणून दिलता. तिचा न्हाय तर शबूद कशाचा? त्या दिवशी माणसं वढून आणलीस, ते मी इसरणार न्हाय. पण इंजिन न्हाय देत."

कोंडीबा काय-बाय पुटपुटत उठला. मला ऱ्हावलं न्हाय. म्हटलं, "आणि तुझा पंखा बी उघडून बघ एकदा! पाच वर्सं न बदललेला पंखा आणि पाच वर्सं न धुतलेलं धोतार, मालकाला वास येत न्हाय एवढंच!" रामहरी तोंड फिरवून हसला. मला दिसलं.

कोंडीबा गेल्यावर अंकी माझ्याजवळ आली, हात धराय लागली. मी हात झटकला. तिच्यावरचा राग तर अजून बाकीच हुता.

"तुला कधीपासनं ठावं हुतं?"

"चन्नप्पाकाकानं जळालेला पंखा दाखवला तवापासनं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"आज्जी, तू एवढ्या थंडीत माझ्यासाठी उठून दोरी वढत हुतीस. कसं सांगू?"

"तोंडानं! तोंड कशाला दिलंय? मी आडाणी, मला कळलं न्हाय. तुला कळलं हुतं. चिमटी लपवतीस, खोटं बोलतीस, मला बोटीतनं फिरवून धारा दाखवतीस, पण 'आज्जी, तुझं चुकतंय' एवढं म्हणवत न्हाय? बोटीत आठ माणसं हुती, अंके. एक तान्हं हुतं. माझं मन राखायला तू त्यांना खुंटांवर घातलं असतंस!"

ती रडाय लागली. सून मला म्हणाली, "अहो आत्या, आता बास." मी बास केलं न्हाय. जवळ बी घेतलं न्हाय. घ्यावं वाटलं, पण घेतलं असतं तर तिला वाटलं असतं की झालं, मिटलं. हे असं मिटवायचं न्हाय.

म्हटलं, "आजपासनं माझी चूक दिसली की तोंडावर सांगायची. पाव्हण्यात बी. मला राग आला तरी सांगायची. तुझ्या बापाला बी."

डोळे पुसून म्हणाली, "व्हय."

"मोठ्यानं."

"व्हय!"

रामहरीनं लाल चिमटी तिच्या हातावर ठेवली. तिच्याकडं न बघता म्हणाला, "उद्याची माणसं किती वाजता हायत?"

"सहाला."

"मग साडेपाचला इंजिन आणतो," म्हणाला. आणि गोठ्याकडं वळता वळता, "गार."

२७ डिसेंबर, शनिवार

आज पोरगी पहाटं उठली आणि चूल पेटायच्या आधीच सुरू झाली.

"आज्जी, चहात साखर लई घालतीस, पप्पांना डॉक्टरनं नको सांगितलीय. आज्जी, तू चन्नप्पाकाकाला चोर म्हणालीस, त्याला बोलवून चहा पाज. आज्जी, कोंबड्यांना तू तांदूळ टाकतीस आणि आईला सांगतीस उंदरांनी खाल्ले. आज्जी, फोनवर तू एवढ्या मोठ्यानं बोलतीस की अकलूजच्या आत्याला फोनची गरजच न्हाय."

मी लाटणं हातात घेतलं. "अगं, श्वास तरी घे! कधीपासनं साठवलं हुतंस?"

"लहानपणापासनं."

कोंबड्यांचं हिला कुणी सांगितलं? सून चुलीपाशी खाली मान घालून हसत हुती. रामहरीनं आपला चहा गुपचूप बाजूला सारला. लई संताप आला मला. एवढंसं पोरगं, दूध पाजून न्हाऊ घातलेलं, आणि माझ्या तोंडावर!

"अजून हाय का?" मी इचारलं.

"हाय की लई. पण बोट पुसायचीय, सहाला माणसं येत्यात." आणि पळाली.

पळू दे. सांजच्याला घरी येणारच हाय. माझ्याकडं बी तिच्या चुका कमी साठलेल्या न्हायत.